वाहन आणि वाहक : लेखांक ९
झिजलेला गिअरबॉक्स आणि लांबचा पल्ला

मागील लेखांकात आपण क्लचच्या रचनेचा विचार केला. या आठवड्यात क्लचच्या पलीकडे वसलेल्या आणि वाहनधारकाच्या दृष्टीस सहसा न पडणाऱ्या गिअरबॉक्सकडे वळावयाचे आहे, आणि तेही तो नवा व निर्दोष असताना नव्हे, तर वर्षानुवर्षे चाकरी करून झिजला असताना. कारण औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या सरहद्दीवरील तालुक्यांतून धावणाऱ्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या असतात आणि त्यांच्याच भरवशावर कुटुंबेच्या कुटुंबे पौर्णिमेला गाणगापूर गाठतात.

या यात्रेचा मार्गच आपण दाखल्यासाठी घेऊ. बीदरचे पठार जांभ्याचे, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार फूट उंच. कलबुर्गी त्याहून साताठशे फुटांनी खाली, काळ्या जमिनीच्या मुलुखात. बीदरहून हुमनाबाद, तेथे माणिकनगरास माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन, पुढे कमलापूरवरून कलबुर्गी आणि अखेरीस भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर, असा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा पल्ला आहे. सह्याद्रीतल्या घाटांसारखी अवघड चढण यात नाही, म्हणून वाहक निर्धास्त असतो. परंतु झिजलेल्या गिअरबॉक्सला उंच चढणीपेक्षा वारंवार होणारा गतीचा पालट अधिक जाचतो, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गावोगावचे गतिरोधक आणि हुमनाबादेस आडवी येणारी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची वर्दळ यांमुळे तो पालट येथे क्षणोक्षणी करावा लागतो.

गिअर बदलताना आत नेमके काय घडते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या सर्व गिअरांची दातेरी चाके परस्परांत कायमची गुंतलेलीच असतात. आपण दांडा सरकवतो तेव्हा एक स्लीव्ह सरकते आणि हव्या त्या चाकाला त्याच्या दंडाशी जखडून टाकते. दंडाची आणि चाकाची गती भिन्न असेल तर स्लीव्हचे दात चाकाच्या दातांवर खडखडतील, म्हणून त्यांच्या मध्ये एक पितळी कडे बसविलेले असते, ज्यास मिस्त्री ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात. या कड्याचा आतला भाग शंकूच्या आकाराचा असून त्यावर केसासारख्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या रेघा तेलाचा पापुद्रा कापून चाकाच्या शंकूला घट्ट धरतात, घर्षणाने दोहोंची गती समान करतात आणि ती समान होईपर्यंत स्लीव्हला वाट देत नाहीत. नव्या कड्याच्या आणि चाकाच्या मध्ये लहान गाड्यांत साधारणतः एक मिलिमीटरची फट असते. रेघा झिजत जातात तसतसे कडे चाकावर अधिकाधिक खोल बसते, आणि ती फट अर्ध्या मिलिमीटरवर आली की कड्याची पकड संपली असे समजावे. दुसऱ्या गिअरचे कडे बहुधा सर्वांच्या आधी जाते, कारण त्याचा वापर पुष्कळ आणि त्याला मिटवावे लागणारे गतीचे अंतरही मोठे.

ही सोय मानवाला फार उशिरा लाभली. अमेरिकेतील अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने सिद्ध केलेली ही रचना १९२८ साली प्रथम कॅडिलॅक गाड्यांत आली. आपल्याकडील ॲम्बॅसॅडर आणि फियाट या गाड्यांत पुढेही कित्येक वर्षे पहिल्या गिअरला असे कडे नव्हतेच. बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे ज्या निजामाच्या दौलतीत १९४८ पर्यंत होते, तिच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ मोटारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळच्या अवजड वाहनांच्या वाहकास कड्याचे साह्य ठाऊकच नव्हते, आणि गती जुळविण्याचे काम त्याचे कान आणि पाय करीत. झिजलेल्या गिअरबॉक्सनिशी निघालेल्या आजच्या वाहकाने हीच विद्या पुन्हा हस्तगत करावयाची आहे.

निघण्यापूर्वी परीक्षा करावी. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रल करावा. घरघर ऐकू आली आणि क्लच दाबताच ती थांबली, तर गिअरबॉक्समधील बेअरिंग झिजले आहे, आणि उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा आहे. ॲम्बॅसॅडर किंवा जुन्या जीपसारख्या मागील चाकांना गती देणाऱ्या गाडीत खालचे गिअर रडतात पण टॉप शांत असतो, असा अनुभव आल्यास खालचा आडवा दंड व त्याची बेअरिंगे यांवर संशय घ्यावा, कारण टॉपमध्ये शक्ती सरळ जाते, त्या दंडावरून जात नाही. तदनंतर गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा बोल्ट काढावा व तेल भोकाच्या काठापर्यंत आहे याची खातरजमा करावी. बोट बुडवून तेल उन्हात धरावे: सोनेरी चकाकी दिसली तर ती कड्याची झीज, आणि बोटांत पोलादाचा कीस टोचला तर बेत रद्द करून मिस्त्रीकडे जावे. तेल भरताना केवळ ‘नव्वद नंबर द्या’ एवढे म्हणून भागत नाही. डब्यावरची प्रतही पाहावी. कंपनीच्या पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असता जीएल-५ घालू नये, कारण त्यातील तीव्र रसायने काही वेळा पितळी कड्यास बाधतात.

आता प्रत्यक्ष चालविण्याविषयी. ‘गिअर खातोय’ अशी तक्रार असेल तेथे दुहेरी क्लचचा अवलंब करावा. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून क्षणभर विराम, पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर. खाली येताना मधल्या विरामात ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि किती द्यावा याचे गणित आहे. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चाकांकडे जाणाऱ्या दंडाच्या दीडपट फिरते आणि दुसऱ्यात सव्वादोनपट. तर तिसऱ्यात मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या इंजिनाने त्याच वेगाला दुसऱ्यात ३००० घेतले पाहिजेत. न्यूट्रलमध्ये असताना इंजिनाचा स्वर तितका चढविला आणि मग क्लच दाबून दांडा नेला, तर तो बोटाच्या नुसत्या स्पर्शाने आत जातो. आणि न गेल्यास बळजबरी न करता हीच क्रिया पुन्हा करावी. ट्रॅक्टरच्या मागे अडकल्यावर घाईने वारंवार दुसरा-तिसरा करण्यापेक्षा, अंतर राखून एकाच गिअरमध्ये सावकाश जावे, म्हणजे निम्मे पालट आपोआप टळतात.

हुमनाबाद सोडून कलबुर्गीकडे जमीन उतरू लागते, तेव्हा दुसरे संकट संभवते, ते म्हणजे गिअर उडण्याचे. चढावर इंजिन चाकांना ओढते, उतारावर चाके इंजिनाला. जोराची ही दिशा उलटताच झिजलेले दात स्लीव्हला मागे ढकलतात, आणि तिला जागी धरणारी लोखंडी गोळी व तिच्यामागची स्प्रिंग अशक्त झाली असेल तर दांडा न्यूट्रलमध्ये येऊन पडतो, तोही इंजिनाच्या रोधाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी. सबब, उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून, जो गिअर उडत नाही असा खालचा गिअर निवडावा. तरीही उडालाच, तर दांड्याशी झटापट न करता आधी ब्रेकने वेग आवरावा आणि मग स्वर जुळवून गिअर घालावा. उडणारा गिअर हाताने दाबून धरण्याची सवय तर सर्वस्वी त्याज्य होय: त्याने स्लीव्ह सरकवणारा आतील फोर्क घासतो, आणि थोड्या खर्चात भागणारी दुरुस्ती मोठी होऊन बसते. इंधन वाचावे म्हणून उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की तेवढ्या वाटेपुरते ते सर्व ओझे एकट्या ब्रेकवर टाकीत असतात.

या कौशल्याला मर्यादाही आहे, आणि ती स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कडे झिजले असेल, तर कुशल वाहक सावधपणे शेकडो किलोमीटर जाऊ शकेल. परंतु एकाहून अधिक गिअर उडत असतील, चालत्या गाडीत दात तुटल्यासारखी ठोकर बसत असेल किंवा तेलात पोलाद दिसत असेल, तर मागे बसलेल्या वृद्धांचा आणि मुलांचा जीव आपल्या हुशारीवर तारण ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. गिअरबॉक्स गाडीतून उतरविण्याची मजुरी कडे बदला की बेअरिंग बदला, एकदाच द्यावी लागते. म्हणून तो उघडलाच, तर कडी, बेअरिंगे, गोळ्या आणि स्प्रिंगा एकाच वेळी तपासून घ्याव्यात, हीच खरी काटकसर.

पुढील लेखांकात ब्रेकचा, आणि विशेषतः लांब उतारावर तो तापून निकामी का होतो, याचा विचार करू.

(क्रमशः)