गोष्ट लेखकाची, कमाल गळ्याची!

भाऊबीज आटोपली की पूर्व विदर्भातल्या देवरीच्या पंचक्रोशीत गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक. गोष्ट अनेकांना आधीच ठाऊक असते, तरी मंडळी पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत. कारण ती कोण सांगतंय आणि कशी, यातच खरी गंमत. कानात इअरफोन घालून कादंबरी ऐकतानाही नेमकं हेच होतं.

एकच वाक्य, दोनदा
याच भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर म्हणजे वडसा-देसाईगंज. हंगामात आज हे नाटक, उद्या ते. तालमीला वेळ कुठला? मग प्रॉम्प्टर संवाद पुरवतो आणि नट तोच झोकात फेकतो. प्रॉम्प्टरच्या तोंडी ‘चालता हो!’ ही नुसती माहिती. नटाच्या तोंडी आला की मांडव दणाणतो. शब्द तेच, फरक गळ्याचा.

पात्राचा पत्ता
इथल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. इथे ‘पानी’ पितात आणि बैल ‘कारा’ असतो. देवरीच्या शेतकऱ्याचे संवाद कुणी घासूनपुसून पुणेरी थाटात वाचले, तर शेतकरी पहिल्याच वाक्याला सदाशिव पेठेत राहायला जातो.

एक गळा, 224 माणसं
‘अ गेम ऑफ थ्रोन्स’च्या ऑडिओबुकसाठी रॉय डोट्रिस यांनी तब्बल 224 पात्रांना वेगवेगळे आवाज दिले. गिनीज बुकात नोंद आहे! मात्र बाईचा संवाद आला म्हणून पुरुष अभिवाचक सहसा आवाज चिरका करत नाहीत. सूर जरा मऊ, लय जरा वेगळी, एवढ्यावर भागतं.

मराठीला नवल कसलं?
1962 पासून व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या त्रिकुटाने कथाकथनानं गावंच्या गावं हसवली. स्टोरीटेल हे ऑडिओबुक अ‍ॅप भारतात आलं ते थेट 2017 मध्ये.

मन म्हणतं एक, छाती दुसरंच
लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 102 जणांना काही प्रसंग पडद्यावर दाखवले, काही नुसते ऐकवले. ‘पाहण्यात जास्त गुंतलो,’ असं लोकांनी सांगितलं. ठोके मात्र ऐकताना जास्त पडत होते. अर्थात, या अभ्यासाचा पैसा ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीचा होता, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच घ्या.

पोटा, गप्प बस!
स्टुडिओत सळसळणारे कपडे चालत नाहीत, सुतीच बरे. रिकामं पोट गुरगुरलं की माइक ते इमानदारीनं टिपतो. तोंड कोरडं पडून चटचट आवाज येऊ नये, म्हणून अनेक अभिवाचक हिरवं सफरचंद खातात.

घाई केली, थरार गेला
खुनी कोण, हे सांगण्याआधी अभिवाचक मुद्दाम 2 सेकंद थांबतो. तुम्ही वेग दुप्पट केलात की उरतो 1 सेकंद. त्याच्या मेहनतीवर पाणी, देवरीत म्हणाल तर ‘पानी’!

म्हणून पुस्तक निवडताना आधी नमुना ऐका, तोही मूळ वेगात. लेखक कितीही लाडका असो, गळा पटला नाही तर दहा तास जड जातात.