गाडीतील आज्ञावली आणि आपली सुरक्षितता

माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर, ही त्यांची नेहमीची फेरी. गेल्या मे महिन्यात गाडीच्या पडद्यावर एक इंग्रजी सूचना येऊ लागली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. खालचे बटण दाबले की ती जाते, एवढे त्यांना ठाऊक. पंधरा दिवस त्यांनी ती घालवली. शेवटी एका रात्री म्हणाले, "बाय, काय लिहिलंय ते वाच गो जरा."

सूचना ब्रेकसंबंधी होती. कंपनीने आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, सुधारली होती. ती बसवून घ्यावी असे लिहिले होते.

ब्रेक म्हणजे लोखंड आणि तेल, तेथे आज्ञावलीचे काय काम, असे बाबांप्रमाणे आपणांसही वाटेल. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक अडकून गाडी घसरते. ए.बी.एस. यंत्रणेतील संगणक चाकांची गती मोजतो आणि अडकू पाहणाऱ्या चाकावरचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडतो व पुन्हा देतो. दाब केव्हा सोडायचा, हे आज्ञावली ठरवते. २०१८ साली अमेरिकेत टेस्लाच्या मॉडेल ३ या गाडीला थांबण्यास १५२ फूट लागतात, असे एका ग्राहक-मासिकाच्या चाचणीत आढळले. कंपनीने दुरूनच नवी आज्ञावली पाठविली आणि ते अंतर १३३ फुटांवर आले. पाना कोणीच फिरवला नाही!

परंतु ज्या वाटेने पाहुणा येतो, त्याच वाटेने चोरही येतो. २०१५ साली दोन संशोधकांनी इंटरनेटवरून धावत्या जीपचा ताबा घेऊन दाखविला; त्यानंतर १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणून पुण्याच्या ए.आर.ए.आय. या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने प्रसिद्ध केलेले ए.आय.एस. १९० हे मानक महत्त्वाचे. आज्ञावलीत वाटेत कोणी ढवळाढवळ करू नये, काम अर्धवट राहिल्यास जुनी आज्ञावली परत यावी किंवा गाडी सुरक्षित स्थितीत राहावी, आणि बदलाचा हेतू व लागणारा वेळ वापरणाऱ्यास आधी कळवावा, अशा त्यात अटी आहेत.

शेवटच्या अटीपाशी मी थांबले. बाबांनाही पंधरा दिवस 'कळविले'च जात होते! त्या पंधरा दिवसांत त्यांनी किती वेळा घाट उतरला, हे मी त्यांना विचारले नाही.

त्या रात्री मालकांना फोन करून, गाडी अंगणात उभी ठेवून आम्ही ते काम पुरे केले. मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरच्या गाडीवर अशी सूचना आली, तर ती घरच्यांना मराठीत वाचून दाखवा. आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग तरी आजच होऊ शकतो.