मुलाचे मन आजारी पडते तेव्हा : किशोरवयातील नैराश्य, उपचार आणि आपली जबाबदारी

घरातील मुलाला दोन दिवस ताप आला, की आपण तिसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. डॉक्टरांकडे जातो, रक्त तपासून घेतो. शेजारी विचारपूस करतात. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ओळखीची माणसे थांबून 'आता कसे आहे?' असे विचारतात. मात्र तेच मूल दोन महिने हसले नाही, जेवणावरून उठून जाऊ लागले, रात्र रात्र जागू लागले, तर आपण ते कोणालाही कळू देत नाही. 'वयच तसे आहे', 'दहावीचा ताण असेल', 'मोबाईल काढून घेतला की येईल ताळ्यावर' अशी आपण स्वतःचीच समजूत घालतो.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडणारे आहे. दहावीत शिकणारी एक मुलगी. गायनमंडळात हौसेने गाणारी. पावसाळ्यानंतर तिने सरावाला जाणे बंद केले. रविवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले. धाकट्या भावावर ती विनाकारण ओरडू लागली. सहामाहीत गुण घसरले. पहाटेची लोकल पकडून कामावर जाणाऱ्या वडिलांना तो आळस वाटला. आईने नोव्हेना सुरू केली. आत्या म्हणाली, 'बाहेर बोलू नका, उद्या पोरीचे लग्न करायचे आहे.' असे सहा महिने गेले. शेवटी वर्गशिक्षिकेला तिच्या मनगटावरचे ओरखडे दिसले.

या घरात प्रेमाची कमतरता नव्हती. उणीव होती ती एका गोष्टीची : हा आजार आहे, तो बरा होऊ शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदासी आणि नैराश्य यांतील फरक

मैत्रिणीशी भांडण झाले, परीक्षेत अपयश आले, आजी वारली, तर मूल उदास होणारच. ती मनाची निरोगी प्रतिक्रिया आहे. अशी उदासी दिवसागणिक ओसरत जाते आणि मधूनमधून मूल हसते, खेळते, जेवते. नैराश्यात तसे होत नाही. मनाची खिन्नता किंवा चिडचिड आणि आवडत्या गोष्टींतील रस संपणे, यांपैकी काहीतरी जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकले, झोप, भूक व अभ्यास यांवर त्याचा परिणाम दिसू लागला, तर तज्ज्ञाला दाखवण्याची वेळ आली असे समजावे.

किशोरवयात हा आजार अनेकदा वेगळ्या वेशात येतो. प्रौढ माणूस रडतो. चौदा वर्षांचा मुलगा दार आपटतो, उलट बोलतो. डोकेदुखी, पोटदुखी, सततचा थकवा अशा तक्रारी पुढे येतात आणि तपासणीत काही सापडत नाही. मूल मित्रांना टाळते, स्वतःला निरुपयोगी म्हणते, क्षुल्लक चुकीसाठी स्वतःला दोष देत राहते. म्हणून 'हल्ली फार उद्धट झाला आहे' असे वाटले, तरी शिक्षा करण्यापूर्वी एकदा त्याच्या झोपेकडे आणि ताटाकडे पाहावे.

हे विरळा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. म्हणजे आपल्या धर्मशिक्षणाच्या पन्नास मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असू शकतात. या आजाराला एकच एक कारण नसते. घराण्यातील पूर्वेतिहास, मेंदूतील बदल, घरातील कलह वा व्यसन, शाळेतील छळ, एखाद्या जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, लैंगिक अत्याचार अशी अनेक कारणे एकत्र येतात. कधी सारे काही सुरळीत असतानाही आजार होतो. 'आमचे काय चुकले?' या प्रश्नात आईवडिलांनी अडकून पडू नये.

पहिले संभाषण

सर्वांसमोर, जेवणाच्या टेबलावर किंवा प्रगतिपुस्तक हातात घेऊन हा विषय काढू नये. वाडीत झाडांना पाणी घालताना, गाडीवरून जाताना, अशा शांत वेळी साध्या शब्दांत बोलावे. 'बाय, गेले काही दिवस तू गप्प गप्प असतेस. झोपही लागत नाही तुला. मी रागावणार नाही. काय होते आहे ते सांगशील?' एवढे पुरे. ती काही बोलली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ बसावे. बोलू लागली तर मध्येच तोडू नये. 'आमच्या वेळी असली थेरे नव्हती', 'तुला काय कमी आहे?', 'देवावर विश्वास ठेव, सगळे ठीक होईल' ही वाक्ये प्रेमापोटी निघतात, परंतु मुलाला ती 'तू बोलू नकोस' अशी ऐकू येतात.

मरणाचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवता आले, याचा मुलाला दिलासा मिळतो. उत्तर 'हो' आले तर घाबरून ओरडू नये आणि कोणालाही न सांगण्याचे वचनही देऊ नये. 'तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस. आता आपण मिळून मदत घेऊ,' असे म्हणावे.

कोणाकडे जावे?

सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून करता येते. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार यांमुळेही थकवा व उदासी येऊ शकते. त्यांची तपासणी तेथे होते. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. हे वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचाराचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असून निदान करतात आणि औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून शास्त्रशुद्ध उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच करू नये. शाळेतील समुपदेशक हा चांगला पहिला आधार आहे, मात्र आजार मध्यम वा तीव्र असल्यास केवळ समुपदेशनावर थांबू नये.

खर्चाची चिंता असलेल्या कुटुंबांनी सरकारी सेवांचा विचार करावा. मुंबईतील के.ई.एम., नायर व शीव रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. 'टेली-मानस' ही केंद्र शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. मूल डॉक्टरांकडे यायला तयार नसेल, तर आईवडिलांनी स्वतः या क्रमांकावर सल्ला घ्यावा.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्यावे : त्रास केव्हा सुरू झाला, झोप किती, वजनात बदल, चालू औषधे, घराण्यात कोणाला मानसिक आजार वा कोणी आत्महत्या केली होती का. मुलाला कधी काही दिवस अतिउत्साह, कमी झोपेतही न थकणे, अवास्तव बडबड असे झाले असल्यास तेही सांगावे. त्यावरून औषध बदलू शकते. डॉक्टरांना मुलाशी काही वेळ एकांतात बोलू द्यावे.

उपचार कसे चालतात?

आजार सौम्य असल्यास नियमित बोलोपचार, झोपेची शिस्त आणि व्यायाम यांवर भर असतो. आजार मध्यम वा तीव्र असल्यास बोलोपचाराबरोबर औषधही दिले जाते. या बोलोपचारांपैकी एका प्रमुख पद्धतीत 'मी नापास झालो म्हणजे मी निकामी' अशा विचारांना तपासून पाहण्याची आणि छोट्या छोट्या कृतींतून दिवस पुन्हा उभा करण्याची सवय लावतात. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटीन हे औषध आणि बोलोपचार दोन्ही मिळालेल्या सुमारे ७१ टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली. केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६१, केवळ बोलोपचार घेणाऱ्यांत सुमारे ४३ आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सुमारे ३५ टक्के होते.

'या गोळ्यांची सवय लागते' ही भीती घरोघरी ऐकू येते. नैराश्यावरील ही औषधे नशेची नव्हेत. मात्र ती अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. गुण येण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नये. बरे वाटू लागल्यावरही बहुधा सहा ते बारा महिने औषध चालू ठेवतात.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही थोड्या मुलांमध्ये अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तशी ठळक सूचना दिली. याचा अर्थ औषध टाळावे असा नाही. त्या काळात मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि बदल दिसताच डॉक्टरांना कळवावे असा आहे.

मूल मरणाची भाषा बोलत असेल, निरोप घेतल्यासारखे वागत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. शेतीची कीटकनाशके, उंदराचे विष, आजी-आजोबांच्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर किंवा कुलपात जाव्यात. मुलाचे औषधही मोठ्यांनीच हाताने द्यावे. धोका वाटल्यास रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. पोलीस प्रकरण होईल म्हणून थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते; तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करण्यास सांगितले आहे.

श्रद्धा आणि औषध

आपल्यातील पुष्कळांना वाटते, की घरात रोजरी होत असताना नैराश्य येणे म्हणजे श्रद्धा कमी पडली. ख्रिस्तसभेचा इतिहास वेगळे सांगतो. बाळयेशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांना उतारवयात मेंदूचा आजार जडला आणि १८८९ पासून सुमारे तीन वर्षे ते फ्रान्समधील काँ शहरातील मनोरुग्णालयात होते. त्याच लुई मार्टिन यांना पत्नी झेली यांच्यासह १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद बहाल करण्यात आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आपण ४२ व्या वर्षी सहा महिने एका मनोविश्लेषकाकडे जात होतो, हे २०१७ मध्ये उघडपणे सांगितले.

तेव्हा प्रार्थना थांबवू नये आणि औषधही थांबवू नये. कोणत्याही प्रार्थनासभेत 'आता गोळ्या टाकून द्या' असा सल्ला मिळाला तर तो मानू नये. प्रायश्चित्त संस्कार आणि उपचार यांची गल्लतही करू नये. संस्कारात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही, आईवडिलांनाही, सांगू शकत नाहीत. म्हणून मुलाच्या आजाराबद्दल फादरांशी बोलायचे असेल, तर संस्काराबाहेर वेळ मागून बोलावे.

धर्मग्राम म्हणून आपण काय करू शकतो? शेजाऱ्याचे मूल रुग्णालयात असेल, तर ताप आलेल्या मुलाच्या घरी नेतो तसा डबा न्यावा. कारण विचारू नये, सोबत करावी. धर्मशिक्षकांना या आजाराची लक्षणे समजावून द्यावीत. गायनमंडळातून गेलेल्या मुलासाठी जागा राखून ठेवावी आणि ते परतल्यावर 'इतके दिवस कुठे होतीस?' असे विचारू नये. ज्या घरातील मुलाने जीवन संपवले आहे, त्या घराला दोष नव्हे, खांदा द्यावा. अशा व्यक्तीची जबाबदारी तीव्र मानसिक आजारामुळे कमी होऊ शकते, तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

बायबलमध्ये एलिया संदेष्टा थकून एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देवाचा दूत त्याला रागावत नाही, उपदेशही करीत नाही. त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो आणि दुसऱ्यांदा येऊन पुन्हा उठवतो. पुढची वाट फार लांबची आहे, हे दूताला ठाऊक असते.

आपल्या उदाहरणातील मुलीची वाटही लांबचीच असेल. काही महिने केसपेपर, गोळ्या, मंगळवारची भेट. एखादा आठवडा चांगला, एखादा वाईट. बोर्डाची परीक्षा कदाचित पुरवणीत द्यावी लागेल. त्याने काही बिघडत नाही. आज आपल्या घरातील कोणी मूल असे कोमेजलेले दिसत असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये. आज संध्याकाळीच त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करावा.