पेंग्विनच्या पायाखालची गर्दी

थंड प्रदेशातलं बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात फक्त पेंग्विन. पण बॉस, खरी गर्दी खाली आहे, समुद्राच्या तळाशी! दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाबद्दल वाचताना मी तर चाटच पडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बेटाभोवतीच्या समुद्रात तब्बल १,४४५ प्रजातींची नोंद आहे.

इथले समुद्रकोळी पाहा. शरीर इतकं बारीक, की आतडी थेट पायांत शिरलेली! आइसफिश नावाच्या माशाच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, त्यामुळे रक्त लाल नाहीच. गार पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून त्याचं मस्त निभावतं.

पण पाणी तापलं तर? यातल्या अनेक प्रजातींसाठी हे बेट म्हणजे उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन. गारवा शोधत दक्षिणेला सरकावं, तर बेटाभोवतीचा उथळ तळ संपतो आणि खोल समुद्र सुरू होतो. तळाला चिकटून जगणाऱ्यांनी जायचं कुठे?

२०१२ साली इथे दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर तिथे बंदी आहे. छानच! पण मला विचाराल तर, ट्रॉलर अडवता येतो. तापमान अडवायचं काम बेटावर नाही, आपल्यासारख्या शहरांतच करावं लागणार.