अवकाशातील शस्त्रे आणि अवकाशकचरा

११ जानेवारी २००७ रोजी चीनने जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून फेंग्युन-१सी हा स्वतःचाच जुना हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर नष्ट केला. त्यातून माग काढता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे निर्माण झाले. त्या उंचीवर हवेचा रोध अत्यल्प असल्याने त्यांपैकी अनेक तुकडे कित्येक दशके फिरत राहणार आहेत. भारताचा रिसोर्ससॅट-२ साधारण याच पट्ट्यात, ८२२ किलोमीटरवर सोडण्यात आला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

अवकाशविषयक सामरिक विचारावर सागरी युद्धशास्त्राची छाप आहे. महान यांचा सागरी प्रभुत्वाचा आणि कॉर्बेट यांचा दळणवळणाच्या मार्गांवरील नियंत्रणाचा सिद्धांत पुढील अभ्यासकांनी अवकाशाला लावला. ही तुलना बरीच उपयुक्त असली, तरी एका ठिकाणी ती तोकडी पडते. बुडालेले जहाज तळाशी जाते आणि मार्ग पुन्हा मोकळा होतो. फोडलेला उपग्रह मात्र मार्गातच उरतो आणि त्याचे तुकडे शत्रू-मित्र असा भेद करीत नाहीत.

नौदलासाठी जीसॅट-७ (२०१३) आणि हवाई दलासाठी जीसॅट-७ए (२०१८) सोडल्यानंतर त्यांच्या संरक्षणाचा प्रश्न भारतापुढेही उभा राहिला. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ चाचणीत संरक्षण संशोधन व विकास संघटनेने मायक्रोसॅट-आर हा उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर भेदला. कमी उंची हेतुपुरस्सर निवडण्यात आली होती, कारण तेथील विरळ हवाही तुकड्यांना लवकर खाली ओढते. तरीही काही तुकडे अधिक उंच फेकले गेलेच. प्रतिरोधनक्षमता सिद्ध झाली, परंतु तिची किंमत शून्य नव्हती.

१९६७ चा बाह्य अवकाश करार कक्षेत अण्वस्त्रे व अन्य सर्वसंहारक शस्त्रे ठेवण्यास मनाई करतो. पारंपरिक शस्त्रांबाबत तशी मनाई नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने कॉसमॉस-१४०८ फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना, त्यात रशियाचेही होते, आपापल्या यानांत आश्रय घ्यावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा विध्वंसक चाचण्या न करण्याचे आवाहन १५५ मतांनी संमत केले. भारत तटस्थ राहिला. स्वेच्छेच्या वचनापेक्षा कायदेशीर बंधन असलेला करार हवा, ही भारताची जुनी भूमिका आहे.