मुंबईची खेप आणि डब्याचा हिशेब

अंबड औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक असोत वा सिडकोतील दुकानदार, मालाची निवड, लग्नाचा बस्ता, डॉक्टरांची भेट अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने त्यांना सहकुटुंब मुंबई गाठावीच लागते. तिकिटाचे काम झटकन उरकते. जेवणाचा प्रश्न मात्र आदल्या रात्रीपर्यंत लोंबकळत राहतो. आजींचा चौविहार, सूनबाईंची नवकारसी आणि नातवाचा पिझ्झाचा हट्ट एकाच पिशवीत मावत नाहीत. अखेर घरातील स्त्री पहाटे चारला उठून सर्वांचे दोन्ही वेळचे जेवण बांधते. दुपारी मंगलदास मार्केटमध्ये कापड पाहता पाहता मुले काहीतरी खाऊन घेतात, पुरुषांना व्यापारी आग्रहाने हॉटेलात नेतात, आणि रात्री अर्धा डबा जसाच्या तसा घरी परततो. दुसऱ्या दिवशी तो वासी म्हणून खाता येत नाही. अन्न वाया जाते, श्रमही जातात. आणि या श्रमांची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

घरचे किती आणि बाहेरचे किती, हे चवीपेक्षा घड्याळावरून ठरवावे. १९७५ साली सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस आजही या खेपेचा मुख्य आधार आहे. ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते. हिवाळ्यात सूर्योदयच सात वाजता होतो. नवकारसी त्यानंतर ४८ मिनिटांनी येते, म्हणजे गाडी इगतपुरी-कसारा घाटाच्या टप्प्यात असताना. तेव्हा सकाळची न्याहारी घरचीच असावी, हे उघड आहे. परतीची गाडी मुंबईहून सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास निघते. डिसेंबरच्या आरंभी मुंबईचा सूर्यास्त सहाच्या आसपास असतो. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याने गाडीत बसण्यापूर्वीच जेवण उरकले पाहिजे. गाडीत डबा उघडू असे म्हणून चालत नाही. जूनच्या अखेरीस मात्र सूर्यास्त सव्वासातनंतर होतो आणि कल्याणपर्यंत सावकाश जेवता येते. संध्याकाळचा डबा उन्हाळ्यात उपयोगी पडतो, हिवाळ्यात तो केवळ ओझे ठरतो.

मुक्काम असेल तर आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. थेपले प्रवासाचे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यात ओलावा असतो. रात्र उलटली की काटेकोर पाळणारे ते घेत नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी खाकरे, कोरडा चिवडा, सुखडी असे पदार्थच खरे. श्वेतांबर परंपरेत अशा कोरड्या पदार्थांची काळमर्यादा हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानली जाते. यात सोयीचा भाग असा की हे सर्व आठवडाभर आधी सवडीने करून ठेवता येते. पहाटे चारचा गजर पुष्कळ अंशी यामुळेच टळतो.

दुपारचे जेवण बाहेर घेण्यास हरकत नसावी. मुंबईत पावभाजीपासून पिझ्झ्यापर्यंत बहुतेक पदार्थ ‘जैन’ म्हणून मिळतात. बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालण्याची युक्ती आता सर्वपरिचित आहे. परंतु ‘जैन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघरात सारखा नसतो. कोठे केवळ कांदा-लसूण वर्ज्य असतो व बटाटा राहतो. कोठे बटाटा नसतो, पण वाटणात ओले आले असते. रश्श्याचे वाटण सकाळीच एकत्र तयार झालेले असेल तर त्यातून कांदा वेगळा कसा काढणार? म्हणून नेमके विचारावे: वाटण वेगळे आहे का, आले आहे का, तवा वेगळा आहे का. दहीवड्याबाबत तर विशेष सावध राहावे. कंदमूळ नसले तरी न तापवलेले दही आणि डाळ एकत्र आल्याने द्विदलाचा दोष लागतो, आणि हे वेटरला ठाऊक असण्याची अपेक्षा करता येत नाही. पाकिटावरील हिरवा ठिपकाही पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. लसूण आहे की नाही, हे घटकांच्या यादीतच वाचावे लागते.

काळबादेवीत श्री ठाकर भोजनालयासारखी १९४५ पासूनची गुजराती थाळीची ठिकाणे आहेत. तेथेही वाढण्यापूर्वीच कंदमुळाचे सांगून ठेवावे. पायधुनीला १८१२ सालचे श्री गोडीजी पार्श्वनाथ मंदिर आहे. घाऊक बाजारातील काम दुपारपर्यंत आटोपत असेल तर दर्शन आणि परिसरातील भोजनशाळेतील जेवण यांची सांगड उत्तम बसते. मोटारीने जाणाऱ्यांना अंबड सोडताच विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ आणि पुढे शहापूरचे मानस मंदिर वाटेवरच लागते. भोजनशाळेत आधी दूरध्वनीने संख्या कळवणे हा शिष्टाचार पाळावा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. वेळ वाचू लागला, परंतु त्या मार्गाने गेल्यास जुन्या रस्त्यावरील शहापूरची सोय चुकते. मग डबा अनिवार्य होतो.

व्यापारी वाचकांस बिलाविषयी सांगणे म्हणजे आगाऊपणाच, तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांत जीएसटी ५ टक्के आहे. सेवाशुल्क मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. चार माणसांच्या बिलात ही रक्कम लक्षात येण्याजोगी असते.

पाण्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, खरे तर तो सर्वांत आधी व्हावा. उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन. पावसाळ्यात पहाटे पाचला उकळलेले पाणी साधारण दुपारी दोनच्या सुमारास संपले असे समजावे. तेव्हा त्या दिवसांत दुपारचे जेवण भोजनशाळेतच ठेवावे आणि उठताना बाटली तेथील उकळलेल्या पाण्याने पुन्हा भरून घ्यावी.