कोठीतल्या किडीला पांढरी माती

मैत्रिणींनो, राहत्या घरात धान्याला विषारी गोळ्या ठेवू नका, हे आम्ही सांगतच असतो. त्यांचा वायू माणसालाही मारतो. मग सोंड्यांना उपाय काय? डायटोमाइट माती. पाण्यातल्या अतिसूक्ष्म शेवाळाची सिलिकाची कवचं लाखो वर्षं साचून ती बनते. (नोबेलच्या १८६७च्या डायनामाइटातही हीच!) ती किड्याच्या अंगावरचा मेणचट थर शोषते, मग किडा वाळून मरतो. म्हणून धान्य कडकडीत वाळवा. ओलाव्यात ती निकामी. दाण्यात दडलेली अळी मात्र बाहेर आल्यावरच सापडते. पाणी गाळायच्या टाकीसाठी भाजलेली भुकटी मिळते, ती फुफ्फुसाला घातक, आणू नका. पाकिटावर 'साठवणीच्या धान्यासाठी' असं हवं. मिसळताना मास्क लावा, नुसता पदर पुरत नाही. दळणाआधी धान्य नीट पाखडा.